चुन्यातली अंडी

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत धाकलूच्या कोंबड्यांचं फार कौतुक होतं. पदरचा दाणा न घालता एवढं खुराडं पोसणारा माणूस मुरबाड तालुक्यात दुसरा नाही, असं लोक म्हणत आणि धाकलू ओटीवर मांडी घालून तंबाखू मळत ते ऐकत बसे. त्या वेळी त्याची बायको गोजर कुठे असायची, हे कोणी विचारलं नाही. ती माळावर असायची, वाळवीच्या मागे.

वाळवी धरायची तिची रीत होती. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि कुजकं गवत दाबून भरायचं आणि तिन्हीसांजेला ते वाळवीच्या वारुळाच्या तोंडावर पालथं घालून यायचं. उजाडायच्या आत जाऊन उचलायचं, कारण उन्हं चढली की वाळवी खाली उतरून जाते आणि मग हाती नुसतं शेण लागतं. मडकं डोक्यावर घेतलं की वाळवी मानेवर उतरायची, चोळीत शिरायची. एका हाताने मडकं सावरायचं आणि दुसऱ्या हाताने मान झाडायची, असं करत ती घरी यायची. अंगणात मडकं आपटलं की कोंबड्यांची नुसती झुंबड उडे. धाकलू म्हणे, "बघा, दाणा लागतोय का?"

शिवाय भाताच्या गिरणीत ती झाडलोट करायची आणि त्या बदल्यात कोंडा आणि चुरी आणायची. बाजाराच्या दिवशी सुकट विकणाऱ्या बाया उठल्या, की त्यांच्या गोणपाटावरची मोडकी डोकी, शेपट्या पदरात गोळा करायची. धाकलू तेवढ्या वेळात लांब उभा राही, जणू ही बाई त्याची कोणी नव्हेच. स्टँडाजवळच्या ऑम्लेटच्या गाडीवरून टरफलांची पिशवी मात्र तो स्वतः आणी, कारण ती फुकट मिळे आणि मागायला लाज वाटू नये इतकी त्याची त्या गाडीवाल्याशी ओळख होती. ती टरफलं गोजरने तव्यावर भाजायची, उखळात कुटायची आणि पिठासारखी करून कोंड्यात मिसळायची. त्यानं अंड्याची कवची घट्ट होते. पण कुटायचं म्हणजे अगदी पीठच करायचं. टरफल टरफलासारखं दिसता कामा नये. ही आपल्याच अंड्याची चव आहे हे कोंबडीला एकदा कळलं, की ती अंडं घातल्याबरोबर वळून त्यात चोच मारते. एकीचं बघून दुसरी शिकते आणि मग ते खुराडं कामातून जातं.

या कोंबड्यांची मूळ जोडी गोजरने माहेराहून आणली होती. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आईनं टोपलीत घालून दिलेल्या दोन तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या. एक-दोन वर्षं त्या 'गोजरच्या कोंबड्या' होत्या. मग अंडी बाजारात चांगली खपतात हे धाकलूच्या लक्षात आलं आणि कोंबड्या धाकलूच्या झाल्या. अंडी कुणाला द्यायची, कुठली उबवायला ठेवायची, सगळं तो ठरवू लागला. त्याला स्वतःला अधूनमधून एक लागे, शेतात कामाला जायचं म्हणून. मुलगी जनी लहानपणी रडली तर तिला अर्धं मिळे. गोजरला त्या घरात कधी अख्खं अंडं मिळालं नाही. मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, असं धाकलू म्हणे. तिने एकदा मागितलं होतं, जनीच्या वेळी बाळंतीण असताना. तेव्हा तो म्हणाला होता, "कोंबडी अंडं घालते ती काय तुज्यासाठी?"

आता श्रावणाचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते श्रावणामुळे. आखाडी अमावस्येला सारी वाडी पोटभर खाऊन घेते आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी मटणमच्छीला शिवत नाही. श्रावण, मग गणपती, मग नवरात्र, पाळणारे पाळतात. माणसं पाळतात, कोंबड्या पाळत नाहीत. त्या घालतच राहतात. बाकीच्या घरांतली अंडी त्या दिवसांत नासत, बाया ती उकिरड्यावर टाकत. धाकलूला हे बघवत नसे. त्याने कुणाकडून तरी चुन्याची रीत उचलली होती. चुना विरवायचा, गार करायचा, गाळ बसला की वरची निवळी मोठ्या बरणीत ओतायची आणि रोजची ताजी अंडी अलगद आत सोडायची. अंडी धुवायची नाहीत, नुसती कोरड्या फडक्यानं पुसायची. आणि कोंबडे आखाडीला विकून टाकायचे, भावही चांगला येतो आणि नंतरची अंडी बिनबियाची निघतात, लवकर नासत नाहीत. अशी अंडी पौषात म्हसा गावच्या जत्रेपर्यंत टिकत. जत्रेत थंडीच्या दिवसांत उकडलेल्या अंड्यांवर लोकांच्या उड्या पडत. चुन्याने कवचीची भोकं बुजलेली असतात म्हणून उकडण्याआधी प्रत्येकाला सुई टोचावी लागे, नाहीतर पातेल्यात फुटतात. तेही काम गोजरचंच.

बरणी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असे, वर फरशीचा तुकडा. धाकलू रोज जाता-येता त्या फरशीवर हात फिरवी. पोटच्या पोरीच्या डोक्यावरून त्याने कधी असा हात फिरवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात गोजर लावणीत चक्कर येऊन पडली. चिखलातून उचलून तिला उपकेंद्रात नेली. नर्सबाईने डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि धाकलूवरच ओरडली, "हिच्या अंगात रक्त आहे का? गोळ्या देते, पण रोज एक अंडं द्या हिला. घरच्या कोंबड्या आहेत ना तुमच्या?" धाकलू अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "देतो ताई. घरचीच हायत."

वाटेत तो पुढे आणि ती मागे चालत होती. ओढ्याजवळ आल्यावर तो न वळता म्हणाला, "श्रावण लागलाय. खाल्लंस तर देव बघेल."

गोजरला देवाची भीती होती. पण पायऱ्या चढताना भिंत धरावी लागत होती, वाळवीचं मडकं डोक्यावर घेतलं की डोळ्यांपुढे काळोख येत होता, आणि आपण मरणार असं तिला खरोखर वाटू लागलं होतं. तिला मरायचं नव्हतं. जनीचं नुकतंच खर्डीला लग्न झालं होतं, तिचं मूल बघायचं होतं. एवढी साधी गोष्ट होती. एका दुपारी धाकलू बांध घालायला गेला असताना तिने फरशी सरकवली, कोपरापर्यंत हात बुडवून एक अंडं काढलं, सुईनं टोचून भोक मोठं केलं आणि कच्चंच शोषून घेतलं. चुन्याची कडवट चव ओठाला लागली. तिने तिथेच भिंतीला डोकं टेकून देवाची माफी मागितली आणि दोन दिवसांनी पुन्हा एक काढलं.

अंड्याचं काही नव्हतं, अडचण टरफलाची होती. ऑम्लेटची गाडी त्या दिवसांत बंद, म्हणून घरात टरफल असायचं कारणच नव्हतं. चुलीवर भाजलं तर वास येतो आणि श्रावणात तो वास शेजारपर्यंत जातो. उखळात एकटं टरफल कुटलं तर आवाज होतो. उकिरड्यावर टाकलं तर धाकलू उकिरडासुद्धा उसकटून बघणारा माणूस. म्हणून तिने ते हाताने चुरडलं आणि तसंच कोंड्यात कालवून कोंबड्यांपुढे टाकलं. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आली होती की असं करू नका. घाईत, भीतीत, तिने तेच केलं.

आठ-पंधरा दिवसांत खुराड्यात फुटकी अंडी दिसू लागली. पेंढा बलकाने चिकट झालेला आणि आत काही नाही. धाकलू वेडापिसा झाला. दिवसभर खुराड्यासमोर बसून राहिला आणि एका भुऱ्या कोंबडीच्या चोचीला बलक लागलेला त्याला दिसला. ही भुरी गोजरची लाडकी. पिल्लू असताना पावसात गारठली होती, तेव्हा गोजरने तिला चोळीत घालून ऊब दिली होती. ती हाक मारली की यायची.

"धर हिला," धाकलू म्हणाला. त्याने विळा चुलीत घातला होता.

गोजरला बोलता आलं असतं. या कोंबडीला मी शिकवलं, असं एक वाक्य. तिने बोलायला तोंड उघडलं आणि धाकलूच्या हातातल्या लाल विळ्याकडे बघून मिटलं. तिने भुरीला काखेत घट्ट धरलं, एका हाताने तिचं डोकं पुढे केलं. चोच जळते तेव्हा शिंग जळल्यासारखा वास येतो. भुरी ओरडली नाही, तिचे पाय फक्त गोजरच्या पोटावर ताठ झाले. नंतर गोजर म्हणायची की तेव्हा मला कोंबडीची दया नाय आली, मला सुटल्यासारखं वाटलं. हे सांगताना ती स्वतःवर थुंकल्यासारखी थू करायची.

भुरीला टिपता येईना. गोजर बोटाने तिच्या घशात पेज सोडायची. ती मरायला टेकली तेव्हा धाकलूने तिला कापली खरी, पण खायची कशी? श्रावण! शेवटी श्रावण न पाळणाऱ्या लडकूला ती फुकट द्यावी लागली. हा लडकू धाकलूचा तंबाखूचा सोबती. फुकट गेलेल्या त्या कोंबडीचं दुःख धाकलू कितीतरी दिवस सांगत होता. बोलता बोलता त्याचे डोळे खरोखर भरून येत.

भुरी गेली तरी अंडी फुटायची राहिली नाहीत. मग धाकलू अंगणात बसून कोंबड्या काय टिपतात ते निरखू लागला. एक दिवस त्याला शेणाजवळ टरफलाचा बोटाएवढा तुकडा सापडला. त्याने तो उचलला, नखाने खरवडला. वर पांढरा, खरखरीत थर होता. खुराड्यातल्या अंड्याला असा थर नसतो. असा थर फक्त चुन्यात राहिलेल्या अंड्याला येतो.

 तुकडा त्याने तंबाखूच्या डबीत ठेवला आणि जेवायला बसला. गोजरला वाटलं, आज स्वारी शांत आहे.

अंडीखाऊ कोंबडीवर जुना उपाय असतो. अंड्याला भोक पाडून आतलं सगळं काढायचं, त्यात लाल मिरचीचा ठेचा भरायचा, भोक मेणाने बुजवायचं आणि ते खुराड्यात ठेवायचं. कोंबडी एकदा चोच मारते आणि पुन्हा मारत नाही. धाकलूने असं एक अंडं तयार केलं. ठेच्यात त्याने निवळीखाली उरलेला चुन्याचा गाळ कालवला आणि तो बलकासारखा पातळ केला. हे त्याने लपवून केलं नाही. ओटीवर, गोजरसमोर बसून केलं, आणि "कोंबड्यांची खोड मोडतो" असं तिला सांगितलंसुद्धा. तिने त्याला मेणासाठी मेणबत्ती आणून दिली.

सोमवार होता. धाकलू लडकूबरोबर ओटीवर बोलत बसला होता आणि गोजरला वाटलं, बोलणं रंगलंय, एवढ्यात उठत नाही. तिने फरशी सरकवली. हाताला लागलं ते वरचंच अंडं घेतलं, सुई टोचली, ती जरा जड गेली. तोंडाला लावून जोराने ओढलं.

आधी तिखट लागलं, आणि काही कळायच्या आत ते घशाखाली गेलं. मग चुना. ओरडावं तर ओटीवर नवरा. ती तोंडावर दोन्ही हात दाबून जमिनीवर बसली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागलं, आणि तरी तिने आवाज केला नाही. ओटीवरचं बोलणं थांबलं होतं. धाकलू ऐकत होता. बऱ्याच वेळाने तो लडकूला म्हणाला, "चल, पानी बघून येऊ शेतातलं," आणि दोघे निघून गेले. मग ती रांगत रांगत शेजारच्या बाईजाकडे गेली. बाईजाने तिला गुळणीला दूध दिलं, काय झालं ते विचारत राहिली. गोजरला सांगता येत नव्हतं. आवाज गेला होता.

भात झोडणीपर्यंतचा काळ गेला आणि तरी घसा बरा झाला नाही. घोगरी कुजबूज तेवढी राहिली. पातळ पेज जाई, आंबील जाई, भाताचं शीत अडके. जनी खर्डीहून आली, भांडून आईला तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नळी जळून आखडलीय, मुंबईला न्या, असं डॉक्टर म्हणाला. धाकलूने विचारलं, "पेज जाते ना?"

गोजरने मनाशी एक समजूत करून घेतली होती. ते अंडं कोंबड्यांसाठी होतं. चुकून बरणीत पडलं. अंधारात ठेवताना माणसाचा हात चुकतो. या समजुतीवर तिने तो हिवाळा काढला, त्याच्यासाठी भाकऱ्या भाजल्या, जत्रेसाठी अंड्यांना सुया टोचल्या. नवऱ्याने मुद्दाम केलं असं मानलं असतं तर त्याच छपराखाली झोपायचं कसं?

जत्रेहून येताना धाकलू थोडी पिऊन आला होता. अंगणात लडकूला सांगत होता, हसू आवरत नव्हतं त्याला. "अरे, कोंबडी काय बरणीत चोच घालते? ज्या चोचीसाठी ठेवलं व्हतं तिलाच गावलं बघ." लडकू हसला. मग दारात उभ्या गोजरकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो चप्पल न घालताच निघाला. धाकलू मात्र हसत आत आला आणि म्हणाला, "वाढ."

तिने वाढलं. पुढची कितीतरी वर्षं ती वाढत राहिली. जाणार कुठे? माहेरी भाऊ होते, भावजया होत्या. जनीच्या घरी सासू होती. धाकलूने उरलेल्या कोंबड्या कापून-विकून नवं खुराडं उभं केलं, गोजर पुन्हा वाळवी आणू लागली, टरफलं भाजू-कुटू लागली. ती अशी वाळली की लुगड्यात बाई आहे की काठी, असं बाईजा तिला तोंडावर म्हणे. वाडीत लोक अजून धाकलूच्या कोंबड्यांचं कौतुक करत होते.

दोन हजार चार साली, पावसाळा सरता सरता, धाकलूच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ गेली. तोंडातून नुसता 'आँ' असा आवाज निघे. त्याला ओटीवर बाजेवर टाकला, समोर अंगण आणि खुराडं. डॉक्टर येऊन बघून गेला. दूध द्या, अंडी द्या, म्हणाला.

त्या दिवशी गोजरने बरणीवरची फरशी काढली ती पुन्हा ठेवली नाही. एक अंडं काढलं, सुई टोचून उकडलं, सोललं आणि आधी स्वतःच्या तोंडात घातलं. घरात आता अडवणारं कोणी नव्हतं. तिने ते चांगलं चावलं, अगदी लापशी केली, गिळलं. ते नेहमीच्या जागी अडकलं. पाणी प्यायली, ते नाकातून आलं. खोकून खोकून ती मोरीत ओणवी झाली आणि सगळं बाहेर पडलं. तिथेच बसून ती रडली. आवाज नव्हता म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

मग ती नवऱ्याला अंडी भरवू लागली. रोज एक, कुस्करून, मीठ घालून. धाकलूच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. बाईजा म्हणे, "बाय, दुसरी असती तर पानी नसतं पाजलं."  गोजरलाही कळत नव्हतं आपण हे का करतोय. सवय होती, दुसरं काय.

एका सकाळी भरवून झाल्यावर धाकलू 'आँ आँ' करू लागला. तिला वाटलं, पाणी हवं असेल. त्याने मान हलवली. डाव्या हाताने थाळीतल्या टरफलाकडे बोट केलं आणि मग मूठ वळून ती बाजेवर वरखाली आपटली. उखळात कुटतात तशी. पुन्हा टरफलाकडे बोट आणि पुन्हा मूठ. लाळ गळत होती, अर्धं अंग मेलं होतं, आणि त्याला काळजी टरफलाची होती.

गोजर त्याच्या मुठीकडे बघत राहिली. मग उठून आत गेली, बरणीतून चांगली ओंजळभर अंडी पदरात घेऊन आली आणि अंगणाच्या मधोमध, त्याला नीट दिसेल अशा जागी, एकेक अंडं दगडावर फोडू लागली. कवच्या तशाच, बलक तसाच. कोंबड्या धावत आल्या. पहिल्यांदा बिचकल्या, मग तुटून पडल्या. धाकलूची मूठ बाजेवर आपटत होती, आपटतच होती.

तिने ते रोज केलं, बरणी रिकामी होईपर्यंत. तोवर कोंबड्या शिकल्या होत्या. एक कोंबडी खुराड्यात ओरडायची, सगळ्या आत घुसायच्या आणि पिवळी तोंडं घेऊन बाहेर यायच्या. बाजेवरून ते सगळं दिसे. आता त्याला भरवायला पेजेशिवाय घरात काही नव्हतं.

दिवाळीत जनी आली. बाप एवढा कसा खंगला, असं म्हणत ती खुराड्यात वाकून बघू लागली आणि ओरडली, "आये, अगो सगली अंडी खातायत की या! यांना आवर की गो!"

गोजर बाजेच्या कडेला बसून धाकलूच्या तोंडात पेजेचा चमचा घालत होती. तिने त्याचं तोंड पुसलं, त्याची मान धरून अंगणाकडे वळवली आणि आपल्या त्या घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "खाव दे. त्यांचीच हायत."